कचऱ्याची कंपनी दुसरी कंपनी घेते, तेव्हा नेमके काय विकत घेते?

फेब्रुवारी 2016 च्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने, पुनर्विकासाचे प्रकल्प वगळता, मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर निर्बंध आणले. विटा, वाळू किंवा सिमेंट कमी पडले होते असे नाही. एवढ्या मोठ्या शहराचा कचरा नियमांनुसार टाकता येईल अशी पुरेशी जागा महापालिकेकडे उरलेली नव्हती, हे त्यामागचे कारण होते. त्याच्या महिनाभर आधी देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि तिचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला होता. पुढे मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध अटी घालून सैल केले. मधली दोन वर्षे मात्र देशातल्या अत्यंत महाग जमिनींवरचे नवे प्रकल्प कचऱ्याच्या जागेपाशी अडले होते.

हा प्रसंग आधी सांगण्याचे कारण असे की, वरवर अगदी वेगळ्या वाटणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. अमेरिकेत कचरा उचलणाऱ्या आणि पुरणाऱ्या कंपन्या सतत आपल्याहून लहान कंपन्या विकत घेत मोठ्या होत गेल्या आहेत. त्यांच्या खरेदीच्या बातम्या वाचताना असे वाटते की गाड्या, ग्राहक आणि नाव यांचा हा सौदा असावा. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सौद्याच्या मध्यभागी एक खड्डा असतो, आणि त्या खड्ड्यात अजून किती कचरा मावेल या आकड्यावर सगळे गणित उभे असते. हे गणित एकदा समजले की आपल्या दारात येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीमागचा व्यवहारही पुष्कळसा उलगडतो, आणि मुंबईत तो अमेरिकेसारखा का चालत नाही हेही कळते.

एका टनाचा प्रवास

सोसायटीच्या फाटकापासून सुरुवात करू. सकाळी कॉम्पॅक्टर येतो, सफाई कामगार डबे रिकामे करतात, आतली लोखंडी फळी कचरा दाबते आणि गाडी पुढच्या इमारतीकडे सरकते. भरलेली गाडी थेट शहराच्या टोकाला नेणे परवडत नाही, म्हणून ती आधी महालक्ष्मी किंवा कुर्ल्यासारख्या हस्तांतरण केंद्रावर जाते. तिथे लहान गाड्यांतला माल मोठ्या गाड्यांत भरला जातो. मोठी गाडी शेवटच्या ठिकाणी पोहोचते, वजनकाट्यावर उभी राहते आणि जेवढे टन भरतील तेवढ्याची नोंद होते.

या शेवटच्या ठिकाणी टनामागे जे शुल्क आकारले जाते त्याला टिपिंग फी म्हणतात. कचरा उचलणाऱ्याची जागा स्वतःची नसेल, तर त्याला हे शुल्क जागेच्या मालकाला द्यावे लागते. जागा स्वतःची असेल, तर तोच पैसा घरात राहतो. या धंद्यातल्या बहुतेक खरेदी-विक्रीचे मूळ या एका फरकात आहे.

शेवटचे ठिकाण दोन प्रकारचे असते. उघड्यावर ढीग रचत जायचे ते डम्पिंग ग्राउंड, आणि शास्त्रीय पद्धतीने बांधलेली ती भरावभूमी. दोन्हींत टाकायचा कचरा तोच असला तरी बांधकाम, देखभाल आणि खर्च यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. भरावभूमीच्या तळाशी घट्ट मातीचा थर आणि त्यावर जाड प्लास्टिकचे अस्तर असते. कचऱ्यातून झिरपणारे काळे, विषारी पाणी अस्तरावरच्या नळ्यांतून गोळा करून त्यावर प्रक्रिया करावी लागते. दिवसभरात टाकलेला कचरा अवजड यंत्रांनी दाबून संध्याकाळी माती किंवा तत्सम आवरणाने झाकला जातो. आत कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो. तो विहिरींसारख्या नळ्यांतून ओढून जाळावा लागतो किंवा त्यापासून वीज करता येते. उघड्या ढिगात हा वायू साचत राहतो, आणि देवनारसारख्या आगी इतक्या दिवस का विझत नाहीत याचे एक मोठे कारण तोच आहे.

अशा भरावभूमीसाठी लागणारी परवानगी ठरावीक सीमेपुरती आणि ठरावीक उंचीपर्यंतच मिळते. त्या मर्यादेत जेवढे घनमीटर अजून रिकामे आहेत तेवढाच तिचा खरा माल. कारखानदाराकडे कच्चा माल असतो, दुकानदाराकडे साठा असतो, आणि भरावभूमीच्या मालकाकडे विकायला रिकामेपण असते. एकदा विकलेला घनमीटर पुन्हा विकता येत नाही. कचरा अधिक दाबून बसवला तर त्याच जागेत जास्त टन मावतात, म्हणून त्या अवजड यंत्राच्या चालकाचे कौशल्यही या धंद्यात पैशांत मोजले जाते.

रिकामी जागा दुर्मीळ कशी झाली

अमेरिकेत एके काळी गावोगाव डम्पिंग होते. 1976 मध्ये तिथे घन आणि घातक कचऱ्यासंबंधीचा केंद्रीय कायदा आला, आणि 1991 मध्ये त्याखालील नियमांनी घरगुती कचऱ्याच्या भरावभूमीला अस्तर, झिरपणाऱ्या पाण्याची व्यवस्था, भूजलाची तपासणी आणि बंद केल्यानंतर साधारण 30 वर्षांची देखभाल सक्तीची केली. लहान गावांना हा खर्च झेपणारा नव्हता. 1988 मध्ये तिथे घरगुती कचऱ्याच्या सुमारे 7,900 भरावभूमी होत्या. 2006 पर्यंत त्या साधारण 1,750 उरल्या. कचरा कमी झाला नव्हता. तो कमी पण मोठ्या जागांकडे जाऊ लागला होता, आणि ज्या कंपन्यांच्या हाती आधीपासून परवानगीची जागा होती त्यांचे महत्त्व एकाएकी वाढले. नवी जागा मिळवायची तर सुनावण्या, स्थानिक विरोध आणि खटले यांत दहा-दहा वर्षे जातात. त्यामुळे जुनी परवानगी असलेली कंपनी विकत घेणे हाच जवळचा मार्ग ठरला.

खरेदीची ही पद्धत त्याआधीच रुळली होती. वेस्ट मॅनेजमेंट ही कंपनी 1968 मध्ये डीन बंट्रॉक, वेन हायझेंगा आणि लॅरी बेक यांनी उभी केली. 1971 मध्ये तिने लोकांना शेअर विकले, आणि 1972 पर्यंत तिच्या खरेद्यांची संख्या 133 वर गेली होती. त्या काळात बहुतेक गावांत कचरा उचलणे हा घरचा धंदा होता. दोन-चार गाड्या, वडिलांकडून मुलाकडे आलेले ग्राहक आणि पुढची पिढी त्यात यायला फारशी उत्सुक नाही, असे ते चित्र होते. अशा मालकाला निवृत्तीच्या वयात योग्य किंमत देणारा कोणी भेटला, तर तो नाही कशाला म्हणेल?

प्रादेशिक कंपनीचे उदाहरण म्हणून कॅसेला वेस्ट सिस्टिम्स घेता येईल. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या व्हरमाँट या डोंगराळ, लहान राज्यातल्या रटलंड गावी 1975 मध्ये डग कॅसेला यांनी एका गाडीवर ही कंपनी सुरू केली, आणि लवकरच त्यांचे बंधू जॉन त्यांना येऊन मिळाले. 1997 मध्ये कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली. आसपासच्या राज्यांतले लहान वाहतूकदार विकत घेत ती वाढली. 2023 मध्ये तिने जीएफएल या कॅनडातल्या कंपनीकडून पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि डेलावेअर या राज्यांतला व्यवसाय 52.5 कोटी डॉलरना घेतला. व्हरमाँट राज्यात आज चालू असलेली एकमेव भरावभूमी कॉव्हेंट्री येथे आहे आणि ती या कंपनीच्या मालकीची आहे. संपूर्ण राज्याचा कचरा राज्याच्या आत पुरायचा असेल तर जाण्याचे ठिकाण एकच. यावरून त्या जागेचे मोल कळावे.

सौद्याचे गणित

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. यातले आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. ते कोणत्याही खऱ्या कंपनीचे नाहीत.

समजा एका लहान कंत्राटदाराच्या दहा गाड्या आहेत. तो वर्षाला 15,000 टन कचरा उचलतो, दुसऱ्याच्या भरावभूमीत टनामागे 600 रुपये भरतो आणि सगळा खर्च वजा जाता त्याच्या हाती वर्षाला 1 कोटी रुपये उरतात. शेजारच्याच भागात काम करणारी आणि स्वतःची भरावभूमी असलेली मोठी कंपनी त्याला 6 कोटी रुपये देऊन धंदा विकत घेते. कमाईच्या सहापट किंमत ही बाहेरून पाहणाऱ्याला बेताची वाटेल.

सौद्यानंतर काय होते ते पाहू. दोघांच्या गाड्या आजवर एकाच रस्त्याने, एकाच्या मागे एक फिरत होत्या. मार्ग एकत्र केल्यावर तीन गाड्या कमी पुरतात, आणि चालक, कामगार, डिझेल व दुरुस्ती धरून गाडीमागे वर्षाला 15 लाख रुपये वाचले तर ही बचत 45 लाखांची होते. दुसरी बचत खड्ड्याची. पूर्वी बाहेर जाणारे 600 रुपये आता जात नाहीत. स्वतःच्या जागेत टन पुरण्याचा खर्च, खड्डा बांधण्याचा व पुढे बंद करण्याचा वाटा धरून, 300 रुपये येतो. टनामागे 300 रुपये म्हणजे 15,000 टनांमागे आणखी 45 लाख. कंत्राटदाराच्या हाती 1 कोटी देणारा तोच धंदा नव्या मालकाला 1 कोटी 90 लाख देतो. सहापट वाटणारी किंमत प्रत्यक्षात तिपटीहून थोडीशीच अधिक ठरली. ज्या कंपनीकडे खड्डा नाही तिला हाच धंदा 6 कोटींना इतका स्वस्त पडणार नाही, कारण तिच्यासाठी दुसरी बचत अस्तित्वातच नाही. बोलीच्या वेळी खड्ड्याचा मालक इतरांपेक्षा जास्त किंमत का देऊ शकतो, ते यातून स्पष्ट होते.

यात बाजाराकडून आणखी एक भर पडते. मोठ्या कंपनीच्या शेअरचा भाव तिच्या कमाईच्या बारापट असेल, तर सहापट किमतीला विकत घेतलेली 1 कोटीची कमाई तिच्या ताळेबंदात शिरताच बाजार तिला बारा कोटींची समजू लागतो. एकही गाडी कमी झालेली नसते, एकही टन इकडचा तिकडे झालेला नसतो. अशा वाढीने भाव चढतो, चढलेल्या भावाचे शेअर देऊन पुढची कंपनी घेता येते, आणि चक्र फिरत राहते. मला या साखळीतला हा भाग सर्वांत जपून पाहावासा वाटतो, कारण खरेदी थांबली की तो थांबतो, आणि तोवर डोक्यावर चढलेले कर्ज मात्र तसेच राहते.

आता गणिताची दुसरी बाजू. समजा त्या मोठ्या कंपनीच्या भरावभूमीत 30 लाख टनांची जागा शिल्लक आहे आणि वर्षाला दीड लाख टन येतात. म्हणजे जागा 20 वर्षे पुरेल. वरच्यासारखी एक खरेदी केली तर ती 18 वर्षांवर येते. अशा दहा खरेद्या केल्या तर आवक 3 लाख टन होते आणि जागा 10 वर्षांत संपते. खरेदीने कंपनीची मिळकत वाढते आणि त्याच वेगाने तिचा मूळ ठेवाही संपत जातो. नवी परवानगी मिळाली नाही, तर ज्या गाड्या स्वतःच्या खड्ड्यासाठी म्हणून घेतल्या, त्या एके दिवशी दुसऱ्याच्या वजनकाट्यावर रांगेत उभ्या राहतील.

हा धोका कागदावरचा नाही. कॅसेला कंपनीची मॅसॅच्युसेट्समधली साउथब्रिज येथील भरावभूमी 2018 मध्ये बंद झाली. न्यू हॅम्पशायर राज्यात डाल्टन येथे, फॉरेस्ट लेक या तलावाजवळ नवी भरावभूमी उभारण्याच्या तिच्या प्रस्तावाला स्थानिकांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. कॉव्हेंट्रीच्या भरावभूमीतून झिरपणाऱ्या पाण्याचा प्रश्नही मोठा आहे. जवळचे मेम्फ्रेमेगॉग सरोवर सीमेपलीकडे कॅनडात पसरलेले असून तिथल्या लोकांना पिण्याचे पाणी पुरवते. तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाची चिंता आणि कंपनीच्या ताळेबंदातले रिकामे घनमीटर हे एकाच जमिनीबद्दलचे दोन हिशेब आहेत, आणि त्यातला पहिला मला दुसऱ्याइतकाच खरा वाटतो.

हिशेबात कुठे पाहावे

खड्डा बांधण्याचा खर्च एकदम होतो, पण तो वापरला जातो हळूहळू. म्हणून हिशेबात तो खर्च टनांवर वाटला जातो. बांधणे आणि बंद करणे मिळून 60 कोटी लागणार असतील आणि क्षमता 30 लाख टन असेल, तर टनामागे 200 रुपये खर्च दाखवावा लागतो. कंपनीने म्हटले, आम्हाला उंची वाढवण्याची परवानगी मिळेल आणि 40 लाख टन मावतील, की तोच खर्च 150 रुपयांवर येतो. कचरा तोच, खड्डा तोच, नफा मात्र टनामागे 50 रुपयांनी वाढलेला दिसतो. म्हणून क्षमतेच्या आकड्यात मिळालेली परवानगी किती आणि मिळण्याची आशा किती, हे वेगळे करून पाहावे लागते.

या मोकळिकीचा गैरवापर झाल्याचे उदाहरणही याच धंद्यात आहे. 1998 च्या आरंभी वेस्ट मॅनेजमेंटला आपले मागील वर्षांचे हिशेब सुधारून करपूर्व नफा सुमारे 170 कोटी डॉलरनी कमी दाखवावा लागला. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने 2002 मध्ये दाखल केलेल्या तक्रारीत सांगितले की, कचऱ्याच्या गाड्यांचे आयुष्य कागदावर वाढवले गेले, त्यांची भंगारातली किंमत फुगवली गेली, आणि भरावभूमी भरत जाताना तिची घटणारी किंमत खर्चात धरली गेली नाही. हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन या संस्थेला त्यापूर्वीच, 2001 मध्ये, 70 लाख डॉलरचा दंड झाला होता. त्याच 1998 मध्ये यूएसए वेस्ट सर्व्हिसेस या तुलनेने लहान कंपनीने वेस्ट मॅनेजमेंटला आपल्यात विलीन करून घेतले आणि तिचेच नाव पुढे चालवले.

चुकीच्या खरेदीची शिक्षा प्रामाणिक कंपनीलाही भोगावी लागते. कॅसेलाने 1999 मध्ये केटीआय नावाची कंपनी घेतली, जिचे कचरा जाळून वीज करण्याचे आणि इतर अनेक उद्योग होते. कचरा उचलणे आणि पुरणे या ओळखीच्या कामापासून ते दूर होते. पुढच्या काळात कंपनीला या खरेदीपोटी मोठ्या रकमा बुडीत मांडाव्या लागल्या आणि त्यातले बरेच उद्योग विकावे लागले. मेन राज्यातल्या बिडफर्ड गावाच्या मध्यवस्तीतला कचरा जाळण्याचा कारखाना 2012 च्या अखेरीस बंद झाला. तो त्या गावानेच विकत घेतला आणि नंतर तो पाडण्यात आला.

विकत घेणाऱ्याला जुन्या पापाचाही वाटा मिळू शकतो. अमेरिकेतल्या 1980 च्या कायद्यानुसार दूषित जागा स्वच्छ करण्याची जबाबदारी आजच्या मालकावर आणि पूर्वीच्या मालकावरही येऊ शकते, आणि तो कचरा टाकला तेव्हा ते कृत्य कायदेशीर होते ही सबब चालत नाही. म्हणून अनेकदा गाड्या आणि ग्राहक तेवढे घेतले जातात, कंपनी आणि तिचा जुना खड्डा मागे ठेवला जातो.

आणि एका भागातले सगळे खड्डे एकाच्याच हाती गेले तर काय? टिपिंग फी तो म्हणेल ती. वेस्ट मॅनेजमेंटने 2020 मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्पोजल ही कंपनी सुमारे 460 कोटी डॉलरना घेतली, तेव्हा न्याय खात्याने स्पर्धा टिकावी म्हणून अनेक ठिकाणचे व्यवसाय आणि भरावभूमी विकायला लावल्या. त्यातला मोठा वाटा जीएफएलने घेतला. एका कंपनीच्या खरेदीतून दुसरीची खरेदी जन्माला येते, ती अशी.

मुंबईत हे का होत नाही

मुंबईत कचरा टाकण्याची जागा कंपनीच्या मालकीची नसते. देवनार महापालिकेचे, गोराई महापालिकेचे, ऑक्टोबर 2018 मध्ये बंद झालेले मुलुंडही महापालिकेचे. शहराचा बहुतांश कचरा आज जातो त्या कांजूरमार्गचा प्रकल्प अँटनी लारा ही कंपनी 25 वर्षांच्या कराराने चालवते, पण जमीन तिची नाही. दारातला ग्राहकही कंपनीचा नाही. आपण कचऱ्याचे बिल तिला भरत नाही, महापालिका तिला कंत्राटाप्रमाणे पैसे देते. खड्डा पालिकेचा, ग्राहक पालिकेचा, आणि कंत्राट मुदतीचे असले, तर एका कंत्राटदाराने दुसऱ्याला विकत घेऊन मिळवायचे काय? गाड्या बाजारात मिळतात. कंत्राट मुदत संपली की पुन्हा निविदेत जाते.

म्हणून आपल्याकडे कचऱ्याची कंपनी मुख्यतः निविदा जिंकून वाढते. अँटनी वेस्ट हँडलिंग सेल या ठाण्याच्या कंपनीचे शेअर 1 जानेवारी 2021 रोजी बाजारात आले, प्रत्येकी 315 रुपये विक्रीभावाने. अशा कंपनीकडे पाहताना किती पालिकांशी करार आहेत, त्यांची किती वर्षे उरली आहेत, दर महागाईप्रमाणे वाढतो का, आणि पालिका पैसे किती महिन्यांनी देते, हे प्रश्न विचारावे लागतात. रिकाम्या घनमीटरची जागा इथे कराराच्या उरलेल्या वर्षांनी घेतलेली आहे.

जमिनीचा प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही. मे 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांजूरमार्गच्या सुमारे 120 हेक्टर जमिनीचा संरक्षित वन हा दर्जा पुन्हा लागू केला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. विक्रोळी, भांडुप आणि कांजूर पूर्वेच्या रहिवाशांना तिथल्या दुर्गंधीचा त्रास रोजचा आहे. शहराच्या एका बाजूची खाडी आणि वस्ती साऱ्या शहराचे ओझे वाहते, ही गोष्ट कुठल्याच करारपत्रात लिहिलेली नसते.

आपल्याकडेही खरेदीचे गणित जुळते ते घातक आणि वैद्यकीय कचऱ्यात. तिथे ग्राहक खासगी असतो, कारखाना किंवा रुग्णालय, आणि शुल्क तोच भरतो. वैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार 75 किलोमीटरच्या आत प्रक्रियेचे सामाईक केंद्र उपलब्ध असेल तर रुग्णालयाला स्वतःचे वेगळे केंद्र उभारता येत नाही. म्हणजे परवानगी मिळालेल्या केंद्राला आपोआप एक क्षेत्र मिळते, आणि असे केंद्र विकत घेण्याजोगे ठरते. तळोज्याला घातक कचऱ्याचे सामाईक केंद्र चालवणारा हैदराबादचा रामकी समूह या क्षेत्रातला मोठा. त्यातल्या रामकी एन्व्हायरो इंजिनिअर्स या कंपनीतला 60 टक्के हिस्सा अमेरिकेच्या केकेआर या गुंतवणूक संस्थेने 2018 मध्ये सुमारे 53 कोटी डॉलरना घेतला. आज ती री सस्टेनेबिलिटी या नावाने ओळखली जाते.

मालक बदलतो तेव्हा माणसांचे काय होते, हे शेअर बाजाराच्या बातमीत क्वचित येते. मुंबईत कंत्राटदार बदलत राहिले आणि कामगार तेच राहिले, अशी स्थिती वर्षानुवर्षे होती. कोणाच्या हजेरीपटावर नाव, निवृत्तीचा निधी कोणी भरायचा, अपघात झाला तर दाद कोणाकडे मागायची, हे प्रश्न प्रत्येक नव्या कंत्राटाबरोबर पुन्हा सुरू होत. कचरा वाहतूक श्रमिक संघाने चालवलेल्या दीर्घ लढ्यानंतर एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा 2,700 कामगारांना महापालिकेच्या सेवेत कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. कोणत्याही खरेदीत किंवा निविदेत कामगारांची थकलेली देणी हा खर्चाचा भाग म्हणून आधीच मांडला गेला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. तो मांडला नाही तर गाडीमागे वाचलेले पंधरा लाख कोणाच्या पगारातून आले, हे कोणी विचारत नाही.

खड्डा बंद करण्याचा खर्चही असाच मागे राहतो. अमेरिकेत कंपनीला प्रत्येक टन टाकतानाच पुढच्या 30 वर्षांच्या देखभालीची तरतूद हिशेबात दाखवावी लागते. आपल्याकडे घरगुती कचऱ्यासाठी स्वतंत्र नियमच 2000 मध्ये आले, तेही अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेनंतर. देवनारला मात्र 1927 पासून कचरा पडत होता, आणि त्या टनांपोटी बाजूला काढलेली अशी रक्कम नव्हती. महापालिकेने 2025 मध्ये तिथला सुमारे 185 लाख टन साठलेला कचरा उकरून, प्रक्रिया करून जमीन मोकळी करण्यासाठी निविदा काढली. तिची अंदाजित किंमत 2,368 कोटी रुपये होती. भागाकार केला तर टनामागे सुमारे 1,280 रुपये येतात. आपल्या पणजोबांच्या काळापासूनच्या प्रत्येक टनाची टिपिंग फी आज, एकरकमी, पालिकेच्या तिजोरीतून भरली जाणार आहे.